ताप कसला आहे?

नागपूरजवळ चांदीपुरा नावाचं गाव आहे. 1965 साली त्या भागात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ पसरली होती, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं (एनआयव्हीनं), तापाच्या रुग्णांचं रक्त तपासायला नेलं. दोन नमुन्यांत भलताच विषाणू सापडला. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी 1967 साली त्याची नोंद प्रसिद्ध केली, त्याला गावाचं नाव दिलं आणि पुढची पस्तीसेक वर्षं त्या नावाला कुणी फारसं विचारलं नाही.

2003 मध्ये आंध्र प्रदेशात मुलं मरू लागली. आदल्या संध्याकाळपर्यंत खेळणारं मूल रात्री तापानं फणफणायचं, पहाटे आकडी यायची, शुद्ध हरपायची आणि दोन दिवसांच्या आत सगळं संपायचं. त्या साथीत 329 मुलं आजारी पडली, 183 गेली. एनआयव्हीला त्यांच्या नमुन्यांत मिळाला तो आपला चांदीपुराच. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. 2024 च्या पावसाळ्यात तो पुन्हा डोकावला. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे 245 रुग्ण नोंदले गेले, 82 दगावले. 64 जणांत चांदीपुरा पक्का ठरला आणि त्यांतले बहुतेक गुजरातचे होते.

विषाणू प्रयोगशाळेनं शोधला हे खरं. पण हा विषाणू मुलाच्या मेंदूत नेमकं काय करतो, यावरचा वाद वॉर्डात सुरू झाला. हैदराबादच्या निलोफर रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ नागभूषण राव यांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन पाहून सांगितलं, की हा नेहमीचा मेंदूज्वर दिसत नाही, मेंदूची रक्तवाहिनी बंद पडल्यासारखं काहीतरी आहे, म्हातारपणी येतो तसा झटका. सगळ्यांना ते पटलं नाही. तरी प्रश्न रास्त होता, कारण आजाराची जात बदलली की उपचारही बदलतो.

असे प्रश्न विचारणं हेच ज्यांचं मुख्य काम, ते बालसंसर्गरोगतज्ज्ञ. मोठ्या इस्पितळांत त्यांना ‘पीडियाट्रिक आयडी’ म्हणतात. बहुतेक आईबापांची त्यांच्याशी गाठ पडत नाही, आणि पडते तेव्हा मूल आठ-दहा दिवस तापात काढून, दोन अँटिबायोटिक संपवून तिसऱ्यावर आलेलं असतं. हृदयरोगतज्ज्ञाकडे अँजिओग्राफी असते, सर्जनकडे सुरी असते. यांच्याकडे स्वतःचं असं एकही यंत्र नाही. ते खुर्ची ओढून आईशेजारी बसतात आणि विचारत राहतात. ताप कोणत्या दिवशी चढला? घरात गुरं आहेत का? पाणी कुठलं पिता? गावाला कधी गेला होतात? शेजारच्या घरात कुणाला खोकला आहे का? आई कंटाळते, क्वचित चिडतेही. या प्रश्नांनी काय साधतं हे पाहायचं, तर महाराष्ट्राबाहेर उत्तर प्रदेश-बिहारकडे जावं लागेल. या विषयातली सगळ्यात बोलकी उदाहरणं तिकडची आहेत.

पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूर, बिजनौर या भागांत दरवर्षी पावसाळा सरता सरता दोन-चार वर्षांची मुलं अचानक बेशुद्ध होत आणि बहुतेक मरत. वर्षानुवर्षं कागदोपत्री त्याला मेंदूज्वर म्हटलं जाई. आजार सरकारी, कारण सरकारी, फवारणीही सरकारी. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ यांना त्यात काहीतरी खटकत होतं. ताप नाही किंवा अगदी बेताचा. मणक्यातलं पाणी काढलं तर ते स्वच्छ. उलट यकृताचे आणि स्नायूंचे आकडे भडकलेले. त्यांच्या मदतीला आले वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे टी. जेकब जॉन. भारतातल्या बालसंसर्गशास्त्राची गोष्ट सांगायची तर या माणसाला वळसा घालून जाता येत नाही. ते बालरोगतज्ज्ञ आणि विषाणूशास्त्रज्ञ, दोन्ही. पोलिओचे तोंडावाटे दिलेले डोस आपल्याकडच्या मुलांत युरोपइतके लागू पडत नाहीत, हे त्यांनी फार आधी दाखवून दिलं आणि त्यासाठी सरकारी रोष पत्करला. 1986 साली चेन्नईतून आलेल्या ज्या नमुन्यांत भारतातला एचआयव्ही प्रथम सापडला, तेही वेल्लोरला त्यांच्याच प्रयोगशाळेत तपासले गेले होते. 

बिजनौरच्या मंडळींनी घरोघर जाऊन विचारायला सुरुवात केली आणि उत्तर मिळालं ते उकिरड्यावर. मुलं कासविंद्याच्या शेंगा खात होती. आपण पावसाळ्यात ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याच्या नात्यातलं हे झुडूप रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतं. घरात खायला कमी, आई शेतावर, आणि शेंगा हाताशी. 2007 मध्ये हे छापून आलं. डास, विषाणू, लस यांचा काही संबंध नव्हता. ती विषबाधा होती. गावांत झुडपं उपटायला लावली, आयांना सांगितलं, आणि आजार ओसरला.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरची गोष्ट याहून प्रसिद्ध, आणि याहून कडू. 1995 पासून तिथे मे-जूनमध्ये, लिचीच्या हंगामात, ‘चमकी बुखार’ यायचा. पहाटे आकडी, मग बेशुद्धी. जपानी मेंदूज्वरापासून उष्माघातापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. जेकब जॉन आणि मुझफ्फरपूरचेच बालरोगतज्ज्ञ अरुण शाह यांनी ध्यान दिलं ते वेळेवर आणि साखरेवर. मुलं पहाटेच का आजारी पडतात? दाखल होताना रक्तातली साखर इतकी खाली का असते? जमैकात ॲकी नावाच्या फळानं असाच आजार होतो, आणि ॲकी व लिची एकाच कुळातली आहेत. लिचीतली द्रव्यं शरीराला चरबी जाळू देत नाहीत आणि नवी साखरही बनवू देत नाहीत. भरल्या पोटाच्या मुलाला त्यानं काही होत नाही. जे मूल आधीच कुपोषित आहे, दिवसभर बागेत पडलेल्या लिच्या खाऊन रात्री न जेवता झोपतं, त्याच्या शरीरात पहाटेपर्यंत साठा संपलेला असतो. भारत आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थांनी 2014 च्या हंगामात दोन रुग्णालयांतले 390 रुग्ण तपासले. त्यांतले 122 दगावले होते. लिची खाणं आणि रात्रीचं जेवण चुकणं, हे दोन्ही धागे त्यांनाही सापडले. 2017 मध्ये तो अहवाल लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला.

उपाय काय, तर वेळेत शिरेतून ग्लुकोज. प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळणारी, काही रुपयांची बाटली. आणि प्रतिबंध काय, तर मुलाला रात्री जेवू घालणं. तरीही 2019 मध्ये मुझफ्फरपुरात आणि आसपास दीडशेच्या वर मुलं गेली. शोध लागला म्हणजे तो आरोग्य केंद्रापर्यंत पोचलाच असं होत नाही. आणि लिचीचा धंदा बदनाम होतो म्हणून शोधावरच शंका घेणारेही त्या काळात कमी नव्हते.

संसर्गाच्या तज्ज्ञानं ‘हा संसर्ग नाही’ असं सांगायचं, यात काहींना विरोधाभास वाटेल. मला तर हीच त्यांची खरी कसोटी वाटते. ज्याला जंतूंची खडान्‌खडा माहिती असते त्यालाच जंतू नसल्याचं छातीठोक सांगता येतं.

याच पट्ट्यात गोरखपूरला मात्र संसर्गच होता, फक्त वेगळा. 2005 च्या भीषण साथीनंतर तिथे जपानी मेंदूज्वराची लस सुरू झाली, त्या आजाराचे रुग्ण घटले, तरी बीआरडी मेडिकल कॉलेजातल्या खाटा दर ऑगस्टमध्ये भरतच राहिल्या. पुढे मनोज मुऱ्हेकर यांच्यासारखे साथरोगतज्ज्ञ आणि तिथले बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून शोधलं, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसचा जंतू दिसला. झुडपांतल्या गोचिडीसारख्या अगदी बारक्या किड्याच्या अळीनं चावलं की तो शरीरात शिरतो. चावल्याच्या जागी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, बहुतेकदा काखेत किंवा जांघेत, म्हणजे मुलाचे सगळे कपडे काढून पाहिल्याशिवाय दिसायची नाही. 2018 मध्ये विदर्भातही हा आजार आला, तेव्हा आपल्याकडच्या डॉक्टरांना ती खपली नव्यानं शोधावी लागली.

स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिन लागू पडतं. स्वस्त आहे, जुनं आहे. पण आठ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचं नाही, दात पिवळे पडतात, हे दोन-तीन पिढ्यांच्या डॉक्टरांनी घोकलेलं. ती भीती त्याच कुळातल्या जुन्या औषधांवरून आली होती. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांचं ‘रेड बुक’, जे 1938 पासून निघतं आणि या क्षेत्रात पोथीसारखं मानलं जातं, त्यानं 2018 च्या आवृत्तीत तीन आठवड्यांपर्यंतच्या कोर्सपुरती ही अट काढली. उत्तर प्रदेशनं तर त्याआधीच, तापाच्या मुलाला गावपातळीवरच डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन द्यायचं धोरण घेतलं होतं.

मुलांसाठी वेगळा संसर्गतज्ज्ञ कशाला, मोठ्यांचाच डोस कमी करून द्यावा, असं कुणी म्हटलं तर त्याला 1959 सालचं उदाहरण द्यावं. क्लोरॅम्फेनिकॉल हे तेव्हा विषमज्वराचं रामबाण औषध. लॉस आंजलिसच्या एका रुग्णालयात संसर्ग होऊ नये म्हणून ते नवजात बाळांना देत, आणि ज्यांना दिलं तीच बाळं अधिक मरत असल्याचं लक्षात आलं. बाळं राखाडी पडत आणि जात. नवजाताच्या यकृताला ते औषध पचवून बाहेर टाकता येत नाही, हे मग कळलं. नेमकी उलटी गंमत गोवराच्या लशीची. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं बाळाला काही महिने राखतात आणि त्याच वेळी लशीलाही निकामी करतात, म्हणून आपल्याकडे नऊ महिने वाट पाहायची. मुलांच्या संसर्गात निम्मं निदान वयातच असतं.

क्षयाचंही तसंच. मोठा माणूस खोकून बेडका देतो, तपासणी होते. तीन वर्षांचं मूल बेडका गिळतं. मग पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढायचं, तरी जंतू सापडेलच असं नाही. मुंबईत जे. जे. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात पी. एम. उडाणी यांनी मुलांच्या क्षयावर, विशेषतः मेंदूच्या क्षयावर, आयुष्य घातलं. मेंदूविकृतितज्ज्ञ दराब दस्तूर यांच्याबरोबर 1966 साली त्यांनी क्षयामुळे मेंदूला येणाऱ्या सुजेचं वेगळं रूप मांडलं; जगभरच्या ग्रंथांत आजही ते उद्‌धृत होतं. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळानं पुण्याच्या ससूनमधल्या मुलांनी आणखी एक प्रश्न सोडवायला मदत केली. सौम्य क्षय असलेल्या मुलाला सहा महिने औषध खरंच लागतं का? युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथल्या 1204 मुलांवर झालेल्या ‘शाइन’ चाचणीत ससूनच्या आरती किणीकर होत्या. चार महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांइतकाच चालतो, हे 2022 मध्ये सिद्ध झालं. रोज कडू गोळी विरघळवून मुलाच्या तोंडात ओतणाऱ्या आईला वाचलेले दोन महिने म्हणजे काय असतात, हे तिलाच विचारावं.

औषध कमी करण्यात या लोकांना एक वेगळाच आनंद असतो, आणि तो इस्पितळांना परवडत नाही. बिलात औषध दिल्याची ओळ असते, बंद केल्याची नसते. ‘हायर अँटिबायोटिक’ हा शब्द आता आयाही सहज वापरतात. मोठा ताप, मोठी गोळी असा हिशेब. सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक नको म्हणणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यातून निघालेले पालक कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दवाखान्यात शिरतात. डेंग्यूतही तेच: सगळं घर प्लेटलेट्स मोजत बसतं, पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांची धावपळ चालते. बँकॉकच्या बालरुग्णालयात सिरिपेन कलयानरूज यांच्यासारख्यांनी हजारो मुलं सांभाळून शिकवलेली गोष्ट मात्र मागे पडते. डेंग्यूत धोक्याची वेळ ताप उतरताना सुरू होते, आणि मूल वाचतं ते सलाईन किती द्यायचं आणि कधी आवरायचं याच्या काटेकोर हिशेबावर.

अँटिबायोटिकच्या या सढळपणाची किंमत सगळ्यात लहान माणूस देतो. 2011 ते 2014 या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) दाखल झालेल्या 13530 नवजात बाळांचा अभ्यास झाला. सातांत एकाला सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग. जंतू कोणते, तर ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, त्यांतले बरेचसे अनेक औषधांना न जुमानणारे. आणि सुमारे दोन तृतीयांश आजार जन्मापासून पहिल्या 72 तासांतले. काचेच्या पेटीत ठेवलेल्या, अजून नावही न ठेवलेल्या बाळाला असा जंतू गाठतो जो कार्बापेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकलाही दाद देत नाही. अशा एनआयसीयूत संसर्गतज्ज्ञाचं काम काय? हात कोण धुतं, नळ्या किती दिवस ठेवल्या, कल्चर न पाठवता औषध कुणी चालू केलं आणि कल्चर निगेटिव्ह आल्यावर ते कुणी बंद केलं नाही, हे विचारणं. लोकप्रिय होण्याचा हा मार्ग नव्हे.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गडचिरोली. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं 1980 च्या दशकाअखेरीस गावातल्या कार्यकर्त्यांना मुलाचे श्वास मोजायला शिकवलं, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनवलं. श्वास जोरात असेल तर न्यूमोनिया, मग गोळ्या तिथेच. 1990 च्या लॅन्सेटमध्ये बालमृत्यू घटल्याचे आकडे आले. पुढे जेमतेम शिकलेल्या गावच्या बायकांनी नवजात बाळांतला सेप्सिस ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन घरी दिलं. 1999 सालच्या लॅन्सेटनुसार त्या गावांतला नवजात मृत्युदर शेजारच्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी उतरला. आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम यातूनच निघाला.

दिल्लीत अँटिबायोटिक आवरा आणि गडचिरोलीत ते बाईच्या हाती द्या, हे वाचून चक्रावायला होईल. पण दोन्हीकडे नियम एकच आहे. गडचिरोलीच्या बाईला ठरावीक लक्षणं दिसल्याशिवाय सुई उचलायची परवानगी नव्हती. शहरातल्या कितीतरी दवाखान्यांत एवढीही अट नसते.

लशींबाबत मराठी वाचकाला अभिमान वाटावा असं बरंच आहे. मला त्यातलं एक अपयश जास्त आवडतं. वढू बुद्रुक आपल्याला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक. तिथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. दिल्लीत नवजात बाळांत सापडलेल्या, एम. के. भान यांनी ओळखलेल्या विषाणूपासून रोटाव्हॅक ही जुलाबावरची लस बनली. तिच्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर वढूची बाळंही होती. त्याच परिसरात आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी गोवराची लस सुईऐवजी वाफेसारखी नाकातोंडावाटे देऊन पाहिली. सुई नको, रडारड नको, प्रशिक्षित नर्सही नको: स्वप्न सुंदर होतं. 2004 मुलं घेतली. वाफेनं 85.4 टक्के मुलांत प्रतिद्रव्यं तयार झाली, सुईनं 94.7 टक्क्यांत. गोवरासारख्या झपाट्यानं पसरणाऱ्या आजारात ही तूट फार मोठी. 2015 मध्ये त्यांनी ते सरळ छापलं. सुई राहिली.

नवी मुंबई महापालिकेनं 2018 मध्ये विषमज्वराची नवी लस मोहीम म्हणून दिली, पहिल्या टप्प्यात 113420 मुलांना. सरकारी यंत्रणेनं ही लस अशी वापरण्याची जगातली ही पहिली वेळ. आणि तिथून खाडी ओलांडली की चार वर्षांनी, 2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर, गोवंडीत गोवरानं मुलं मरत होती. कोविडच्या काळात चुकलेले डोस, एकेका खोलीत सात-आठ माणसं, कुपोषण. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवरासाठी खाटा वाढवाव्या लागल्या. गोवर हा ‘अंगावर उठून जाणारा’ आजार, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. प्रत्यक्षात तो मुलाच्या शरीरानं आधी कमावलेली प्रतिकाराची आठवणही पुसतो. पुढचे कित्येक महिने न्यूमोनिया आणि जुलाब त्या मुलाला सहज गाठतात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर गोवराचं नावही नसतं.

असे डॉक्टर आपल्याकडे तयार कुठे होतात? अमेरिकेत 1994 पासून या विषयाची स्वतंत्र बोर्ड परीक्षा आहे. भारतात बालरोगात एमडी झाल्यावर एखाद-दोन वर्षांची फेलोशिप करणारे थोडे. परळचं वाडिया हे त्यातलं एक नाव, जिथे इरा शाह यांनी एचआयव्ही आणि क्षय झालेल्या मुलांची ओपीडी वर्षानुवर्षं चालवली. बाकी बरेच जण स्वतःच्या आवडीनं, परदेशी नियतकालिकं वाचत आणि आपल्याच वॉर्डातल्या चुका मोजत तज्ज्ञ झालेले आहेत. नोकरी मिळते ती मुंबई-पुण्याच्या कॉर्पोरेट रुग्णालयांत. जिथे गोवर, घटसर्प, स्क्रब टायफस, कुपोषणातला क्षय खरोखर दिसतो त्या जिल्हा रुग्णालयांत हे पद मुळात नसतं. प्रत्येक जिल्ह्याला असा डॉक्टर द्या, ही मागणी आज हवेतली ठरेल. प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात बालरोग विभागात एक, हे मात्र जमण्यासारखं आहे. त्याच्या जोडीला मायक्रोबायोलॉजीची अशी लॅब हवी, जी शनिवारी दुपारी घेतलेलं ब्लड कल्चर सोमवारपर्यंत तसंच पडू देणार नाही. आणि रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला ‘हे औषध थांबवू का?’ असं विचारायला एक फोन नंबर, जो उचलला जाईल.